दिवा लागल्यावरची सुई

“दादा, तुम्हाला रोज सुई कशाला लागते हो?”

निकिताने विचारून टाकलं. रस्त्यापलीकडे सायकली धरून उभ्या असलेल्या साधना आणि हर्षालीने पैज लावली होती, हिंमत असेल तर विचारून दाखव. वक्तृत्वात पहिली आल्यापासून निकिताला असल्या पैजा म्हणजे किरकोळ काम वाटायचं. पलीकडे दोघी तोंडावर हात धरून हसत होत्या.

काउंटरपुढचा धनराज हसला नाही. तो सातपूरच्या कंपनीतून तसाच आला होता, शर्टावर ऑइलचे डाग.

“टोचून घ्यायला,” तो म्हणाला. “नशा करतो ना मी.”

इतक्या सरळ उत्तराची निकिताची तयारी नव्हती. तिने उगाच खोकल्याच्या गोळ्यांची बरणी इकडची तिकडे केली.

मागून पप्पा आले. मेडिकल त्यांचंच होतं. “निकिता, तू आत हो.” मग धनराजकडे वळून, “तुला काल पण सांगितलं ना. दिवा लागला. दिवा लागल्यावर आम्ही कुणाला सुई देत नाही. आमच्या घरात पहिल्यापासून आहे हे.”

औषधांच्या कपाटावरच्या गणपतीपुढे मम्मीने नुकताच दिवा लावला होता. काडेपेटी अजून तिच्या हातातच होती.

“मी सुटतोच दिवेलागणीला, भाऊ. दवाखान्यामागच्या केंद्रावर जुनी सुई दिली की नवी देतात, फुकट. पण ते पाचलाच बंद करतात.” धनराज एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. “एकच द्या. आमच्यात सुई एकच हाय, आणि वाल्मीक लय पिवळा पडलाय. डोळे बघा त्याचे, नुसती हळद. आज त्याच्यानंतर माझा नंबर हाय.”

“मग सोडून दे ना.”

“सोडायचीच हाय. केंद्रावर नाव घातलंय. सोमवारपासून गोळी चालू करणार, मग सुई बंद. पण आज सोमवार नाय ना, भाऊ.”

तेवढ्यात शेजारच्या बिल्डिंगमधल्या सावित्रीबाई पिशवी सांभाळत आल्या. “शेखर, माझी सुई दे रे. इन्सुलिन घ्यायचंय, तिकडे भात निवतोय.”

“सिरिंज म्हणा, मावशी,” पप्पा हळूच म्हणाले. ड्रॉवरमधून पाकीट काढून त्यांनी कागदी पिशवीत घातलं.

“तेच ते,” म्हणत सावित्रीबाई गेल्या.

ती पिशवी जाताना धनराज बघत राहिला. मग तो वळला आणि बसस्टॉपकडे चालायला लागला. तिथल्या बाकड्यावर एक जण गुडघ्यात डोकं घालून बसला होता. तो वाल्मीक असणार.

“पप्पा, आजींना दिली तुम्ही.”

“ती सिरिंज होती.”

“त्यालाही तीच हवी होती.”

“त्यांना शुगर आहे, निकिता.”

“आणि वाल्मीकला कावीळ आहे. त्याचीच सुई वापरली की दुसऱ्याला होते ना? तुम्हीच सांगितलंय मला.”

पप्पांनी ड्रॉवर ढकलून बंद केला. “आज याला दिली की उद्या दहा जण उभे राहतील इथे. गर्दुल्ल्यांचं मेडिकल म्हणतील. मग सावित्रीबाई पायरी चढतील आपली?”

“आणि आपण दिलेल्या सुईनेच त्याचं काही बरंवाईट झालं तर?” मम्मी म्हणाली. “आपल्या हातून नको गं बाई.”

“वाल्मीकच्या सुईने झालं तर, मम्मी? ते कुणाच्या हातून?”

रस्त्यावर एक रिक्षा उगाचच हॉर्न वाजवत उभी होती. स्टॉपवर धनराजने वाल्मीकला दंडाला धरून उठवलं. दोघांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते बंद गाळ्यांच्या मागे जायला वळले. चालता चालता धनराज शर्टाची बाही वर सारत होता.

“काय म्हणाला गं?” पलीकडून साधनाने ओरडून विचारलं.

निकिताने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने ड्रॉवर उघडला, एक पाकीट उचललं, काउंटरची फळी वर केली आणि पायरीवर आली. घाईत मम्मीच्या चपला पायात गेल्या, तिला दोन बोटं मोठ्या.

“निकिता,” मम्मी म्हणाली, “दिवा लागलाय.”

“दिसतोय मला. मम्मी, पप्पा, मी त्याला सुई द्यायला चाललेय. सिरिंज नाही, सुई.”