श्रीगणेश नावाची फाईल

"तू चहा ठेव. आज मी उघडतो," असं म्हणत सुधाकररावांनी लेकीला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः कॉम्प्युटरसमोर ऐसपैस बसले.

द्वारका आत गेली. समोर बेल्लमपल्लीचे उद्धवराव होते. त्यांचा धाकटा भाऊ महिपत खाणीत कामाला, पस्तिशीला टेकलेला, अन् अजून बिनलग्नाचा. तलमडुगूच्या चंपतरावांची पोरगी चांगली आहे असं कानावर आलं, म्हणून ते पहिल्या बसनं आदिलाबादला आले होते. इकडच्या मराठी घरांच्या सोयरिकी जुळवाव्या तर सुधाकररावांनीच, असा त्यांचा लौकिक. आणि अठ्ठ्याण्णव साल लागल्यापासून त्यांची सगळी स्थळं कागदावरून उठून या पेटीत जाऊन बसली होती.

"येवढ्या पोरी याच्यात?" उद्धवरावांनी खुर्ची पुढं ओढली.

"पाहाच तुमी!"

खरं सांगायचं तर पाहायची हौस सुधाकररावांनाच जास्त होती. कोंबडी दाणे टिपते तसं एका बोटानं टाइप करायला ते शिकले होते. पण लिहिलेलं पुन्हा शोधून उघडायचं, ते काम द्वारकाचं. पाहुण्यांपुढं दरवेळी 'बाई, जरा काढून दे' म्हणायची त्यांना आताशा लाज वाटू लागली होती. त्यांनी बाण सरकवला. आपल्या पिवळ्या फोल्डरवर दोन टिचक्या मारल्या. वाळूचं घड्याळ आलं, गेलं. उघडलं की! गडी मनातल्या मनात हरखला.

आत एकच फाईल होती. श्रीगणेश.

"अन् बाकीच्या?" उद्धवरावांनी विचारलं.

सुधाकररावांनी बाण खालीवर फिरवून पाहिला. शुभकार्याची सुरुवात श्रीगणेशानंच करायची, म्हणून प्रत्येक स्थळाच्या फाईलीला त्यांनी तेच नाव दिलं होतं. दरवेळी पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारणारी चौकट यायची, खाली येस आणि नो. लग्नाच्या कामात 'नाही' कोण म्हणतं? ते येस दाबायचे. त्या चौकटीत काय विचारलं होतं ते आता त्यांच्या डोक्यात उजेड पडल्यागत आलं. या नावाची फाईल आहे, तिच्या जागी ही ठेवू का? म्हणजे नव्या पोरीनं जुन्या पोरीला पुसून टाकलं! अरे देवा! लोकांनी विश्वासानं दिलेल्या लेकीबाळी, अन् आपण हे काय करून बसलो!

एक मात्र बरं होतं. चंपतरावांच्या पोरीचं स्थळ त्यांनी परवाच लिहिलं होतं. उरलेली फाईल तिचीच असणार. त्यांनी टिचकी मारली.

"श्रीगणेश प्रसन्न," ते मोठ्यानं वाचू लागले. "मुलीचं नाव..."

त्यांनी पडद्याजवळ तोंड नेऊन पुन्हा पाहिलं. मग उद्धवरावांनीच मान पुढं काढून वाचलं. "द्वारका सुधाकरराव. वय एकतीस. बी. ए. आई वारलेली. सैपाक, शिवण, कॉम्प्युटर. आवं, हे तर तुमच्याच घरचं स्थळ दिसून राह्यलं! काऊन सांगितलं नाई?"

काय सांगणार? बायको गेली तेव्हा द्वारका कॉलेजात होती. घर तिनं अंगावर घेतलं. स्थळं आली, तेव्हा सुधाकरराव म्हणाले, पुढल्या साली पाहू. मग पुढलं साल, मग त्याच्या पुढलं. हळूहळू स्थळं यायची थांबली आणि ते सुटल्यासारखे झाले. पोरीलाच लग्न करायचं नाही, असं त्यांनी स्वतःला पटवून दिलं होतं. तिला एकदाही विचारलं नव्हतं.

वरच्या कोपऱ्यात फुली होती. तिच्यावर टिचकी मारली की फाईल मिटते, हे त्यांना येत होतं. बाण तिथपर्यंत गेलासुद्धा. नेमकी तेव्हाच द्वारका कपबशा घेऊन बाहेर आली. पडद्याकडं बघून ती जागच्या जागी थांबली.

"बाई," सुधाकररावांनी माऊसवरचा हात काढला, "चंपतरावांची पोरगी कुठं गेली?"

"हाय ना. सगळ्याच हायेत. माह्या फोल्डरमधी, जिच्या तिच्या नावानं."

"मंग हे काय हाय?"

द्वारकानं उद्धवरावांच्या हातात कप दिला. त्यांनी तो न पिताच बाजूला ठेवला. ते अजून पडद्याकडंच बघत होते.

"तुमी दर खेपेला माह्यावर दुसरीचं स्थळ ठेवता, बाबा," ती म्हणाली. "मी तिला उचलून तिच्या नावानं ठेवते, अन् माहं पुन्हा तेथं आणून ठेवते. तुमी कधी उघडता, येवढीच वाट पाहून राह्यली व्हती."