मिस वर्नेलचा घोटा

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या एका चर्चमध्ये पास्टरांचं प्रवचन सुरात चढलं, की कोणी ना कोणी भारावून कोसळायचंच. त्याला सावरायला चर्चच्या स्वयंसेविका मिस वर्नेल पांढरे हातमोजे घालून दाराशी तीन-तीन तास उभ्या असायच्या. घोटा आतून पेटलेला असायचा, पण डॉक्टरांचं दर वेळी एकच, "तुमचा संधिवात शांत आहे. रक्त चांगलं, एक्स-रे चांगला. दुखणं मनात आहे."

या खेपेस मात्र त्या खुर्चीतून हलल्याच नाहीत. "डॉक्टर, ते सोनोग्राफीचं यंत्र आधी पायाला लावा. मनाला मागाहून लावा."

डॉक्टरांनी हसत हसत घोट्यावर जेल चोपडलं, यंत्र फिरवलं आणि त्यांचं हसू मावळलं. पडद्यावर लाल ठिणग्या उडत होत्या.

"बापरे, मिस वर्नेल! ही सगळी लाली म्हणजे आतली सूज. आता दाराशी उभं राहणं बंद. रविवारी मुकाट्यानं बसायचं."

मिस वर्नेलनी जेल पुसलं, मोजा वर ओढला.

"औषध लिहा, डॉक्टर. तीन वर्षं तुम्हाला काही दिसत नव्हतं, तेव्हा मी उभीच होते. आता तुम्हाला दिसलं, म्हणून मी बसू?"