उशाशी ऐकणारा दिवा

"मी अर्ज केलेलाच नाही," शाल्मली म्हणाली. मांडीवर चार वर्षांची ओवी पेंगत होती.

"अर्ज कोण करतं आता, बाई?" पडद्यावरचा उपग्रह कंपनीचा भरती अधिकारी कारखानीस हसला. "मुलांच्या उशाशी असलेल्या दिव्यांतून आमचा शोधक प्रोग्रॅम घरोघरचं बोलणं ऐकतो आणि माणसं हेरतो. उपग्रहांच्या बॅटऱ्या का मरतात, ते तुम्ही लेकीला गोष्टीत सांगता. एवढं जाणणारं दुसरं कुणी नाही."

"ती गोष्ट फक्त तिची आहे. मी येणार नाही."

"राहा घरी. गोष्टीत तुम्ही चुकलात की तुमची लेक चूक दुरुस्त करते. ती मोठी होईपर्यंत आम्ही थांबू. तिचं नाव नोंदवलंय."

शाल्मलीने ओवीच्या उशाजवळच्या दिव्याची वायर उपटली. दिवा विझताच ओवी सवयीने पुटपुटली, "मग बॅटरीबाईला थंडी वाजते, कारण..."

अजून चालू असलेल्या पडद्यावर कारखानीस कान देऊन बसला होता. शाल्मलीने लेकीच्या तोंडावर हात ठेवला.