पायाळू

प्लेगच्या साली सरकारने शहर रिकामं करवलं, तेव्हा तापीपलीकडे जैनाबादच्या झोपड्यांत जाण्याआधी मनसारामच्या वडिलांनी घरातलं सोनं राजपुरा मोहल्ल्यातल्या त्या घरातच कुठेतरी पुरलं. जागा सांगायची राहिली. झोपडीतच प्लेगने आधी मनसारामची पाच वर्षांची मुलगी ठकू गेली, मग वडील.

परत आल्यावर मनसारामने माजघर खणलं, परसू खणलं, हाती काही लागलं नाही. शेवटी सगळे म्हणाले, पायाळू माणूस आण. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात, त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं. डोईफोडिया गावचा लोटू पायाळू होता, पण त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"लहान पोर पाहिजे," मनसाराम जेवता जेवता बायकोला म्हणाला. "त्याची नजर साफ राहते. पण तसं पोर सापडणार कुठून? धनाच्या नादात कोणी उचलून नेईल, म्हणून आया सांगतच नाहीत कोणाला."

गोदावरीने त्याच्या ताटात अर्धी भाकर वाढली. जैनाबादहून आल्यापासून ती कामापुरतंच बोलायची.

"मी बी नव्हतं सांगितलं," ती म्हणाली. "ठकूच्या वेळी माहेरी बाळंत झाले ना, म्हणून तुम्हाला बी कळलं नाही."

मनसारामचा घास हातातच राहिला.

तिने वरणाचं भांडं पुढे सरकवलं. "आता लोटूलाच बोलवा."