खुलं राहिलेलं फोल्डर

अंबडच्या कारखान्यात २००४ साली भारतने नव्या सर्व्हरवर फाइल शेअरिंग सुरू केलं. गडबडीत त्याचं स्वतःचं फोल्डरही सगळ्यांना खुलं राहिलं. त्यात तीन वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला राजीनामा होता. तो साहेबांच्या हातात द्यायचा धीर त्याला कधी झालाच नव्हता. चूक दोन दिवसांनी लक्षात आली, तेव्हा त्याने घाईघाईने फोल्डर बंद केलं.

आठवड्याने साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून एक कागद पुढे सरकवला. भारतने तो वाचला. राजीनामा शब्द न् शब्द त्याचाच होता. खाली सही मात्र खरेदी विभागातल्या हर्षालीची होती.

"सकाळीच देऊन गेली," साहेब म्हणाले.


कागद परत घेत ते पुढे म्हणाले, "तुम्ही काही कुठं जाणारे नाही, भारत. उद्यापासून तिचंही काम तुम्हीच बघा."