कोंब

अक्का सव्वीस वर्षं रोपवाटिकेत निवडुंगाची कलमं बांधत होती. हिरव्या खोडाचा शेंडा छाटायचा, वर लाल निवडुंगाचा गोळा बसवायचा, रबराने आवळायचं. मग त्या खोडाला फुटलेले कोंब रोज खुडत बसायचं. बोटं काट्यांनी निबर झाली होती. नव्या बायकांना ती एकच सांगायची, "खालच्याला कोंब फुटू दिलेत, की वरचा उपाशी मेलाच म्हणून समजा."

आज शेजारच्या खताच्या गोदामवाल्यांना उत्तर द्यायचं होतं. बायको जाऊन सहा वर्षं झालेला भला माणूस, सरळ लग्नाचंच विचारलं होतं त्यांनी. पण सकाळी चाळिशीच्या धाकट्या भावाने तोंड पाडलं, "अक्का, या वयात? तू गेलीस तर आमचं कसं व्हायचं?" वाद घालायचं त्राणही तिच्यात उरलं नव्हतं. नाही म्हणून टाकायचं, तिने ठरवलं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक तणतणत आलं. "काय माल विकता हो! वरचा लाल गोळा वर्षभरात वाळून गळला. कुंडी मागे भिंतीशी टाकून दिली, तर खालचंच भिंतभर माजलंय. आणि आता हे बघा!"

त्याने पुढे केलेल्या मोबाइलवर ताटाएवढं पांढरंशुभ्र फूल होतं.

"याला फूल येतं?" अक्का बघतच राहिली.

 

दुपारी तिने भावाला फोन लावला, "रात्रीचं जेवण तुमचं तुम्ही करून घ्या. मला गोदामात जरा वेळ लागेल."