देवळीतली डबी

बोलता बोलता, न बघताच बसम्मांनी विभूतीच्या डबीत बोट घातलं आणि "अगं माय गं!" म्हणून हात झटकला. बोटाला गळ टोचला होता. मासे धरायचा गळ. तोही राणीसावरगावात, लिंगायताच्या घरात, देवाच्या देवळीतून काढलेल्या डबीत.

बसम्मा मुलाला घेऊन पालमहून नातीसाठी घर बघायला आल्या होत्या. नात रुद्राणी आणि या घरचा राजशेखर, दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. राहिला होता फक्त आजीचा होकार, आणि आजी अशी की अंडं असेल म्हणून वाढदिवसाच्या केकलाही शिवत नाही. राजशेखर शेती करतो, त्यामुळे आजवर मुलींनी त्याचा फोटो नीट बघायचीही तसदी घेतली नव्हती. ही एकच सोयरीक जमत आली होती.

डबी आणली होती राजशेखरच्या आईनं, मनिषानं. पण तिचं तरी काय चुकलं? सासरे रेवणप्पा रोज सकाळी त्या जुन्या पितळी डबीला हात जोडत आणि कुणाला तिला हात लावू देत नसत. "देवाची हाय," एवढंच सांगत. आत कपिलधारची विभूती असणार, असं मनिषा लग्न होऊन आल्यापासून धरून चालली होती. एवढ्या मानाच्या पाहुण्या, म्हणून तिनं सासऱ्यांना न विचारताच खास तीच डबी पुढे केली.

"विहिरीत बादली पडली की काढायला लागतो," राजशेखरचा बाप योगीराज घाईघाईनं म्हणाला.

"मच्छरदाणी अडकवायला," त्याच क्षणी मनिषा म्हणाली.

नवराबायकोनं आधी ठरवून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

बसम्मांनी गळ चिमटीत धरून उजेडाकडे नेला. ओबडधोबड, लोहाराच्या हातचा. त्याला मेण लावलेली सुताची दोरी, दोरीत शिशाचा एक मणी, आणि गळाला बांधलेली लाल चिंधी. चिंधीवर विटलेले पिवळे ठिपके. त्या चिंधीकडे बसम्मा बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचा चेहरा असा झाला की योगीराजनं मनातल्या मनात सोयरिकीला रामराम ठोकला.

"अप्पा," त्या रेवणप्पांना म्हणाल्या, "तुमी सांगा. लिंगावर हात ठिऊन सांगा."

रेवणप्पांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. त्या हातानं खोटं बोलणं त्यांना या जन्मी जमणार नव्हतं.

"बहात्तरच्या दुष्काळातला हाय. माय-बाप पालमच्या वाटंला तलावाच्या कामावर माती उचलायचे. सुकडी मिळायची, ती धाकल्यांनाच पुरायची न्हाई. एका भोयाच्या म्हाताऱ्यानं मला हा गळ दिला. निजामाच्या वक्ताचा. पर तळ्यात मासे कुठले? निसता चिखल. चिखलात बेडकं व्हती. लाल चिंधी नाचवली की बेडूक झडप घालतंय."

"मग?"

"मग काय. भाजून खाल्ली."

मनिषानं तोंडाला पदर लावला. लहानपणी शेजारी मटणाच्या रश्श्याचा नुसता वास घेत बसला म्हणून योगीराजला याच बापानं बदडून काढलं होतं. तो आ वासून बघत राहिला.

"लय भूक व्हती, आक्का," रेवणप्पा म्हणाले. "गळ टाकून द्यायला किती येळा नदीवर गेलो. टाकवला न्हाई. यानं जगवलं. म्हणून देवापाशी ठिवला."

"एकटेच व्हता का?"

"न्हाई. संगं एक जण व्हतं. चिंधी त्याचीच."

"कोण?"

"ते न्हाई सांगायचं."

"हात लिंगावर हाय तुमचा."

"म्हणूनच न्हाई सांगायचं. तवा बी असाच हात ठिऊन शबद दिल्ता."

योगीराज बापाच्या कानाशी लागला. "अप्पा, एखाद्या मेलेल्या माणसाचं नाव घ्या की! पोराचं लगीन हातचं जायलाय!"

रेवणप्पांनी नातवाकडे पाहिलं. राजशेखर चहाचा ट्रे धरून दारातच थिजला होता. नवा शर्ट, नीट विंचरलेले केस. म्हाताऱ्याला भडभडून आलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून नाव आलं नाही.

"माझं पाप माझ्यावर घाला, आक्का," ते म्हणाले. "पोराला सजा देऊ नका. पर नाव इचारू नका."

बसम्मांनी गळाला बांधलेल्या चिंधीची गाठ नखानं सोडवायला घेतली. गाठ जुनी होती, सुटता सुटेना. सगळे बघत बसले. चहावर साय धरली. शेवटी चिंधी मोकळी झाली. ती त्यांनी मांडीवर पसरली, बोटानं सरळ केली. मग गळ डबीत ठेवला, झाकण लावलं आणि डबी दोन्ही हातांनी रेवणप्पांच्या हातात दिली.

"साखर आणा," त्या म्हणाल्या. "नात दिली या घरात. इथं पोटातलं व्हटावर येत न्हाई."

कुणाला काही कळेना. मनिषा साखरेला धावायचं सोडून तिथेच उभी राहिली.

बसम्मांनी चिंधीची घडी घातली आणि कमरेला खोचली.

"ही तेवढी माझी मी नेते," त्या म्हणाल्या. "हिच्यासाठी नवा परकर फाडला म्हणून मायनं मला लय हाणलं व्हतं."